पासोडी आणि चार टीबी

बीड जिल्ह्यात लग्न दोन दिवसांत उरकतं आणि लग्नाचा अल्बम यायच्या आत घरात पाळणा हलतो, अशी एक जुनी तक्रार आहे. हल्ली ती अल्बमबद्दल राहिलेली नाही, व्हिडिओबद्दल आहे. व्हिडिओ लांबला की लोक स्टुडिओवाल्याच्या आळसाला नावं ठेवतात. पण पुष्कळदा दोष असतो त्याच्या टेबलाखालच्या तळहाताएवढ्या डबीचा. ही डबी एक दिवस कट्-कट् असा आवाज करते, थोड्या वेळाने पुन्हा करते, आणि त्यानंतर स्टुडिओवाला फोन उचलायचं बंद करतो.

माझा पुतण्या याच धंद्यात आहे. साखरपुडा, हळद, लग्न, वरात, डोहाळजेवण, सेवापूर्तीचा सत्कार, काहीही सांगा. शिवाय लग्नाआधी नवरा-नवरीला पाटोदा तालुक्यात सौताड्याला नेऊन एकमेकांकडे धावायला लावतो. पावसाळ्यात विंचरणा नदी तिथल्या कड्यावरून खाली कोसळते. मे महिन्यात कोसळत नाही. "पाणी नंतर टाकता येतं, काका," तो म्हणतो.

नंतर टाकलेल्या पाण्यासकट हे सगळं कुठेतरी साठवावं लागतं. आजचा बरा कॅमेरा फोर-के चित्रण करताना सेकंदाला शंभर मेगाबिट लिहितो, म्हणजे तासाला ४५ जीबी. तीन कॅमेरे आणि दोन दिवसांचे मिळून बारा तास धरले, तर एकाच लग्नाचा हिशेब सोळाशे जीबीच्या पुढे जातो, आणि त्यात ड्रोन धरलेला नाही. १९५६ साली आयबीएमने जगातली पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सगळ्यांची मिळून साठवण होती ५ एमबी. पुतण्याच्या कॅमेऱ्यातला एक मोठा फोटोही तिच्यात मावला नसता. वरमामांचा, फेट्यासकट, तर नाहीच.

त्यात आमच्याकडचा लग्नाचा हंगाम ऊस ठरवतो. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर जातात, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात, आणि मग एप्रिल-मेच्या तिथींना जिल्ह्यात रिकामं मंगल कार्यालय सापडत नाही. म्हणजे ज्या दिवसांत पारा बेचाळीसला टेकतो आणि वीज लपंडाव खेळते, नेमकं त्याच दिवसांत डिस्कला वर्षातलं सगळ्यात जास्त काम. परळीला औष्णिक वीज केंद्र आहे, वीज आपल्याच जिल्ह्यात तयार होते, ही माहिती मी पुतण्याला नेहमी अंधारात बसून देतो.

मी स्वतः महसूल खात्यात नोकरी केली, आणि तिच्यातली बरीच वर्षं अभिलेख कक्षात काढली. रेकॉर्ड रूमला बदली म्हणजे शिक्षा असं खात्यात समजतात. मला ती मानवली. तिथे एक चांगली गोष्ट होती: कागद आला की आधी त्याचा वर्ग ठरायचा. 'अ' म्हणजे कायम जतन, 'ब' म्हणजे तीस वर्षं, 'क' म्हणजे दहा, आणि 'ड' म्हणजे वर्षभराने रद्दी. कपाट कोणतं, गठ्ठा किती घट्ट बांधायचा, डांबराच्या गोळ्या टाकायच्या की नाही, हे सगळं त्यानंतर. म्हणून पुतण्याने यंदा "काका, कोणती डिस्क घेऊ?" असं विचारलं तेव्हा मी उलट विचारलं, तुझ्याकडं 'अ' किती आणि 'ड' किती?

तो म्हणाला, "गिऱ्हाइकाला विचारलं तर सगळंच 'अ'." मग जरा थांबून, "आणि एखाद्या घरी वर्षभरानं विचारलं तर सगळंच 'ड'."

दुकानात मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे सगळे एकच विचारतात: कंपनी कोणती चांगली? मला हा प्रश्नच पटत नाही. एके काळी हार्ड डिस्क करणाऱ्या कंपन्या कितीतरी होत्या. एकीने दुसरीला गिळत गिळत आता तीनच उरल्या आहेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. नाव मोठं म्हणून खेप चांगली, असंही नाही. २००० च्या सुमारास खुद्द आयबीएमच्या 'डेस्कस्टार'मधलं एक मॉडेल इतकं बसू लागलं, की लोकांनी त्याचं नाव 'डेथस्टार' ठेवलं. कॅलिफोर्नियात बॅकब्लेझ नावाची कंपनी आहे. ती लोकांचा डेटा सांभाळते. तिच्याकडे तीन लाखांच्या आसपास डिस्क रात्रंदिवस फिरत असतात, आणि कोणत्या मॉडेलच्या किती डिस्क दगावल्या याचे तक्ते ती २०१३ पासून जाहीर करत आली आहे. मला असले तक्ते वाचायला आवडतात. पाहणीपत्रकं चाळण्यात जन्म गेला त्याचा परिणाम असावा. त्या तक्त्यांवरून एवढं कळतं, की वर्षाला शंभरातल्या एक-दीड डिस्क जातात, आणि एकाच कंपनीचं एक मॉडेल वर्षानुवर्षं मुकाट चालतं तर दुसरं भराभर माना टाकतं. तेव्हा विचारायचंच असेल तर मॉडेल विचारावं. आडनाव विचारून सोयरीक जमवण्याचे दिवस या बाबतीत तरी संपले आहेत.

त्यापेक्षा नेकनूरच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी शहाणा. तो आधी काम ठरवून येतो. काळ्या रानात नांगरट करायची की उसाची गाडी ओढायची? मग तोंड उघडून दात बघतो: आदत आहे, दोनदाती आहे की पार जुळलेला. चालवून बघतो. आणि सगळ्यात शेवटी, रुमालाखाली बोटं धरण्याआधी, विकणाऱ्याचं गाव विचारतो. उद्या बैल बसला तर हा गडी पुढच्या बाजारात दिसेल का, एवढंच त्याला बघायचं असतं. काम, दात, चाल आणि विकणाऱ्याचं गाव: डिस्क घेताना मला तरी याहून वेगळं काही विचारावंसं वाटत नाही.

आधी काम. आमच्या ओळखीतल्या एका जिनिंगवाल्यांनी कापसाच्या गंजींवर नजर ठेवायला सोळा कॅमेरे बसवले आणि त्यांच्या डीव्हीआरमध्ये घरच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क काढून घातली. "चालतीय की," ते म्हणाले. चालत होतीच. पण हिशेब असा, की एका कॅमेऱ्याने सेकंदाला अगदी दोन मेगाबिट लिहिले तरी दिवसाचे २१.६ जीबी होतात. सोळांचे जवळजवळ साडेतीनशे, आणि वर्षाचे सव्वाशे टीबी. साध्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर कंपनीने काम धरलेलं असतं साधारण वर्षाला ५५ टीबीचं, तेही दिवसाचे आठ तास आणि आठवड्याची सुट्टी गृहीत धरून. कॅमेऱ्यांसाठी वेगळी डिस्क मिळते, वेस्टर्न डिजिटलची 'पर्पल' किंवा सीगेटची 'स्कायहॉक'. तिच्यावर १८० टीबी धरलेले असतात आणि चोवीस तास. मोठ्या सर्व्हरच्या डिस्कवर ५५० टीबी. हे आकडे कंपन्या स्वतःच्या माहितीपत्रकात छापतात. ते वाचायला कोणी वकील लागत नाही. जिनिंगवाल्यांची डिस्क गेली तेव्हा कापूस जागेवर होता, चोरी झाली नव्हती, त्यामुळे त्यांना अजून वाटतं की फारसं काही बिघडलं नाही. एका अर्थी खरंच आहे. कॅमेऱ्याचं चित्रण 'ड' वर्गातलं. महिन्याभराने त्याच्यावर दुसरं चढणारच.

पण हाच कॅमेऱ्याचा बैल पुतण्याच्या गाडीला जुंपू नये. डीव्हीआरमध्ये या डिस्कची वृत्ती अशी, की लिहिताना एखादी फ्रेम हुकली तर हुकली, पुढचं थांबायला नको. चोर सापडण्याला ते पुरतं. मंगळसूत्र बांधतानाची फ्रेम हुकली तर वधूची आई तितकी उदार राहत नाही.

आणखी एक बारकावा आहे, जो दुकानदार सांगत नाहीत, कारण बऱ्याचदा त्यांनाही माहीत नसतो. तबकडीवर माहितीच्या गोल रेघा असतात. जागा वाचवायला काही डिस्कमध्ये या रेघा एकमेकींवर थोड्या चढवून आखतात. त्याला एसएमआर म्हणतात. लिहून ठेवलं आणि वाचत राहिलं, तर काही त्रास नाही. पण मधलीच एक रेघ बदलायची म्हटली, की शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात, आणि तासन् तास भरघोस लिहीत राहिलं की डिस्क रडीला येते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेत, म्हणजे खास सतत चालणाऱ्या कामासाठी विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये, हीच पद्धत न सांगता घातल्याचं उघड झालं आणि मोठा गदारोळ झाला. मग कंपनीने जुन्या पद्धतीच्या डिस्कना 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. म्हणून जड कामासाठी घेताना सीएमआर, म्हणजे रेघा एकमेकींवर न चढवणारी जुनी पद्धत, आहे का, हे विचारावं. दुकानदाराला माहीत नसेल तर त्याच्याच मोबाइलवर मॉडेल नंबर टाकून बघायला सांगावं. तो करतो. बीडचा दुकानदार गिऱ्हाइकाला चहा पाजतो, तर एवढं करणार नाही?

आता टिकाऊपणा. मोठ्या डिस्कच्या माहितीपत्रकात एक आकडा ठळक छापलेला असतो: सरासरी २५ लाख तासांनी एक बिघाड. मी निवृत्त माणूस, वेळ भरपूर, भागाकार केला. २८५ वर्षं झाली. म्हणजे ज्या साली रावेरखेडीला थोरले बाजीराव गेले, त्या १७४० साली कोणी डिस्क चालू केली असती, तर ती बंद पडायचा मुहूर्त आत्ता आत्ता कुठे आला असता. पुतण्या म्हणाला, "मग हीच घेऊ." त्याला समजावलं, की हा आकडा एका डिस्कच्या आयुष्याचा नाही, कळपाचा आहे. हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर त्यांतल्या साडेतीन जातील, एवढाच त्याचा अर्थ. आणि तेवढाही प्रत्यक्षात खरा उतरत नाही. २००७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक लाखाच्या आसपास डिस्कचा हिशेब मांडला, तेव्हा पत्रकातल्या आकड्यांवरून वर्षाला शेकडा एकसुद्धा जायला नको होती. बदलाव्या लागत होत्या दोन ते चार. त्याच वर्षी गूगलनेही आपल्याकडच्या लाखभर डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. गूगलला आढळलं, की मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी त्या नोंदीतल्या महत्त्वाच्या खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. सकाळी ठणठणीत, दुपारी गेली. आपल्याकडे अशा मरणाला भाग्याचं मानतात, पण ते माणसांच्या बाबतीत.

उन्हाचं मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं निघालं. गूगलच्या त्या अभ्यासात मध्यम तापमानाने फारसा फरक पडलेला दिसला नाही. पंचेचाळीस अंशांच्या पुढे, आणि तेही जुन्या डिस्कना, ऊन बाधलं. आमच्याकडे गोची अशी, की पंचेचाळीसची सुरुवात खोलीतूनच होते. मेमध्ये दुपारी खोली चाळिशीला, डिस्क खोलीपेक्षा आणखी पंधरा-वीस अंशांनी वर, आणि माहितीपत्रक म्हणतं साठच्या पुढे जाऊ नका. त्यात चोरी होऊ नये म्हणून डीव्हीआर लोखंडी पेटीत कुलूपबंद. धुळीचंही तसंच. वाचणारी सुई तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते, त्यामुळे धुळीचा एक कण आत गेला तर संपलंच. पण डिस्क बंद असते, श्वास घ्यायला एवढंसं छिद्र आणि त्याला गाळणी. धूळ आत जात नाही, ती पंख्यावर बसते. कापसाची तूस तर पंखा बघूनच येते. पंखा बंद, हवा बंद, डिस्क तापली. महिन्यातून एकदा पेटी उघडून फुंकर मारणारा माणूस असेल तर साधी डिस्कही पुष्कळ दिवस निघते. नसेल तर महागातली घेऊन काही होत नाही.

वीज अचानक गेली तर काय होतं, याची मात्र मला गंमत वाटली. बऱ्याच डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरत असते. वीज जाताच तिच्या उरलेल्या गतीतूनच थोडी वीज तयार करून डिस्क आपली सुई बाजूला नेऊन ठेवते. मरता मरता घर आवरणारं यंत्र आहे हे. सुई वाचते, पण त्या क्षणी लिहायचं राहिलेलं राहूनच जातं. म्हणून डिस्कच्या किमतीत यूपीएस धरावा, आणि बजेट अपुरं असेल तर एक पायरी साधी डिस्क घेऊन त्या पैशांत यूपीएस बसवावा, असं माझं मत आहे. पुतण्याच्या मते त्या पैशांत ड्रोनची जास्तीची बॅटरी घ्यावी.

दातांचं राहिलं. बाजारात बैलाचे दात बघतात, तसे डिस्कचे तास बघता येतात. आजवर किती तास चालली हे तिच्या नोंदीत असतं. नवीन डिस्कवर ते शून्याच्या आसपास हवेत. पण दात कानसून म्हातारा बैल तरणा करून विकणारे व्यापारी सगळीकडे असतात. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत गाजलेलं प्रकरण हेच. सीगेटच्या मोठ्या क्षमतेच्या, हजारो तास राबलेल्या डिस्क तासांचा आकडा पुसून कोऱ्या म्हणून दुकानांत आल्या होत्या. अशा पुष्कळ डिस्क आधी आभासी चलन खणण्याच्या कामाला जुंपलेल्या असाव्यात, असं निघालं. हात कंपनीचा नव्हता, मधल्या साखळीतला होता. आणि पकडलं कसं? त्या डिस्कमध्ये तासांची आणखी एक वेगळी नोंद असते, ती पुसायची राहिली. रेकॉर्ड रूमवाल्याला हे ऐकून बरं वाटतं. सातबारा बदलला तरी फेरफाराची वही कुठेतरी असतेच.

आणि शेवटी विकणाऱ्याचं गाव, म्हणजे वॉरंटी. साध्या डिस्कला बहुधा दोन वर्षं, सतत चालणारीला तीन, सर्व्हरच्या डिस्कला पाच. पण वॉरंटी किती वर्षांची यापेक्षा ती कुठे वाजते हे महत्त्वाचं. परदेशातून कुणाच्या तरी बॅगेतून आलेली स्वस्त डिस्क भारतात कंपनीच्या लेखी जन्मलेलीच नसते. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला की मुदत आणि देश दोन्ही कळतं. हे पैसे द्यायच्या आधी करावं. बिघडल्यावर ती संभाजीनगरला किंवा पुण्याला जाणार, तिथून पुढे कुठे जाते ते तिलाच ठाऊक. वाट बघायची आम्हाला सवय आहे. १९९५ साली मंजूर झालेल्या रेल्वेमार्गावरून बीडला पहिली गाडी आली ती २०२५ च्या १७ सप्टेंबरला. त्यापुढे बदली डिस्कचे तीन आठवडे म्हणजे काहीच नाही. शिवाय वॉरंटी ही कंपनीची मर्जी असते. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये महापूर आला, वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्यात गेला, जगभर डिस्कचे भाव भडकले. आणि त्याच वर्षाच्या शेवटी वेस्टर्न डिजिटल आणि सीगेट या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी साध्या डिस्कच्या वॉरंट्या आखडल्या. पाऊस तिकडे पडला आणि छत्री आपली गेली.

बरं, वॉरंटीत मिळतं काय? डिस्क मिळते. कोरी. लग्न मिळत नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि आमच्यासारख्या निवृत्तांना अचानक भाव आला. मोडी वाचणारा कोण, उर्दू वाचणारा कोण, अशी शोधाशोध सुरू झाली. मला मोडी येत नाही, पण कोणता गठ्ठा कोणत्या मांडणीवर असायचा हे आठवत होतं. शंभर वर्षांपलीकडचे कागद निघाले. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई मात्र काळीभोर. मग त्यांचं स्कॅनिंग झालं, आणि शतक काढलेल्या कागदाची राखण पाच वर्षांच्या वॉरंटीवर सोपवली गेली. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. स्कॅन झाले ते उत्तमच झालं. फक्त मूळ कागद कोणी आता 'ड' वर्गात टाकू नयेत.

आमच्या जिल्ह्यातलं सगळ्यात नामांकित साठवणीचं साधन अंबाजोगाईला आहे. दासोपंत १५५१ ते १६१५ या काळातले. सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' त्यांच्या नावावर आहे, आणि रोज एका ढब्बू पैशाची शाई संपवत, असं सांगतात. लिहिण्याचा हा वेग बघता, आज असते तर त्यांना ५५० टीबीवालीच घ्यावी लागली असती. त्यांनी 'पंचीकरण' लिहिलं ते मात्र पासोडीवर, म्हणजे अंगावर घ्यायच्या जाड सुती कापडावर. सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद, सोळाशेच्या आसपास ओव्या. माध्यम म्हणून बघितलं तर विचित्र निवड. कापड कुजतं, कसर लागते, पाणी लागलं तर शाई पसरते. तरी चारशे वर्षांनंतर पासोडी आहे. जीर्ण झाली, पण आहे. तिला वॉरंटी नव्हती, घराणं होतं. पिढ्यान् पिढ्या कोणी ना कोणी ती उन्हात घालत होतं, घडी बदलत होतं, पुन्हा ठेवत होतं. आणि त्याच अंबाजोगाईत ज्यांची समाधी दाखवतात त्या मुकुंदराजांचा, शके १११० चा 'विवेकसिंधु' उलट वाटेने टिकला. त्याची मूळ पोथी आज कोणी दाखवू शकत नाही. नकलांवर नकला होत गेल्या म्हणून ग्रंथ हाती लागला. टिकण्याचे हे दोनच मार्ग मला ठाऊक आहेत, आणि घराण्याचा भरवसा नसलेल्यांनी दुसरा धरावा.

फोटोग्राफर लोकांत यालाच तीन-दोन-एक म्हणतात. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. त्यातलं 'घराबाहेर' लोकांना पटत नाही. ज्यांनी १९८९ च्या जुलैत बीडमध्ये बिंदुसरा नदीला आलेला पूर बघितला आहे त्यांना पटतं. एकाच कपाटात ठेवलेल्या तीन प्रती पुराच्या हिशेबी एकच असतात.

पुतण्याने यंदा काय केलं ते सांगतो, कारण सल्ला ऐकून त्याने तो पाळला असं क्वचित होतं. त्याने आधी वर्ग पाडले. कापून-जोडून झालेला व्हिडिओ, निवडक फोटो आणि आजी-आजोबांचे जेवढे म्हणून तुकडे सापडतील तेवढे सगळे 'अ'मध्ये. आजी-आजोबांचा नियम त्याचा स्वतःचा. म्हणे चार वर्षांनी लोक नेमकं तेच मागायला येतात. कच्चं चित्रण आणि ड्रोनने टिपलेली पार्किंगची जागा 'ड'मध्ये. वर्ग पाडल्यावर पूर्ण हंगामाचा 'अ' चार टीबीत बसला, आणि जी भली मोठी महागडी डिस्क घ्यायचं चाललं होतं ती घ्यावीच लागली नाही. त्याऐवजी चार-चार टीबीच्या दोन घेतल्या. दोन्ही सीएमआर, तीन वर्षांच्या वॉरंटीच्या, पण मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एका खेपेचा दोष दोघींना नको. एक स्टुडिओत, एक माझ्याकडे गोदरेजच्या कपाटात. तिसरी प्रत क्लाउडवर चढते आहे. आमच्या नेटच्या वेगाने ती पुढच्या हंगामापर्यंत पोचेल.

कच्चं चित्रण तो वर्षभर ठेवतो आणि मग पुसतो. बिलावर तसं छापलेलं असतं, पण लग्नघरात बिल वाचायला कोणाला वेळ असतो? तेव्हा ज्यांच्या घरी लग्नाचा पेनड्राइव्ह अक्षता लागलेल्या पाकिटात तसाच पडून आहे, त्यांनी तो या आठवड्यात एकदा लावून बघावा. उघडला तर त्याच दिवशी दुसरी प्रत काढून ती भावाच्या नाहीतर बहिणीच्या घरी ठेवावी. नाही उघडला, तर लग्नाला वर्ष व्हायच्या आत स्टुडिओवाल्याला फोन करावा.